तातोबाचा वाळका बिल्ला

तातोबा चौगलेच्या गाडीत कुणी ओकत नसे. हे त्याचं सगळ्यात मोठं भूषण होतं, आणि पुढं जे झालं ते याच भूषणापायी झालं.

आंबेखोल घाटात त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सकाळी कोल्हापुरातून खाली कोकणात, दुपारी खालून वर. अठरा वळणं जाताना, अठरा येताना. त्याच्या गाडीत मटणाच्या पंगतीवरून उठलेली वऱ्हाडं बसली, भरपेट आंबे खाल्लेली पोरं बसली, शेजाऱ्याच्या पायाशी ठेवलेली सुकी मासळी हुंगत म्हाताऱ्या बसल्या. पण खिडकीतून मुंडकं बाहेर काढायची वेळ कुणावर आली नाही. पोटुशा बाया स्टँडवर येऊन विचारायच्या, "चौगल्यांची गाडी कधी हाय?" आणि मधल्या दोन गाड्या सोडून बाकड्यावर बसून राहायच्या.

हे त्याला शिकवलं बाबालाल मुजावर नावाच्या उस्तादानं. बाबालाल नवीन पोराला घाटात गाडी द्यायचा तेव्हा बॉनेटवर तांबड्या रश्शाची काठोकाठ भरलेली वाटी ठेवायचा. म्हणायचा, "सांडला तर तुझ्या मांडीवर. आणि चड्डी तुझी तूच धुवायची." तातोबाची मांडी अकरा वेळा भाजली. बाराव्या वेळेला रस्सा जागचा हलला नाही. बाबालालनं तो घाटमाथ्यावर पिऊन टाकला, मिशी पुसली आणि स्वतःच्या खिशावरचा पितळी बिल्ला काढून तातोबाच्या खिशाला लावला. झाली परीक्षा.

आता साल होतं दोन हजार चौतीस. गाड्या विजेवर चालत होत्या. गाडीनं स्वतःहून दरीत जाऊ नये एवढी अक्कल तिच्यात घातलेली होती. ड्रायव्हर झोपला तरी कठड्याच्या हातभर अलीकडं ती थांबायचीच. पण समोर म्हैस आडवी बसली की ती यंत्रातली अक्कल म्हशीकडं बघत तासन्‌तास उभी राहायची, म्हणून ड्रायव्हर अजून लागत होता. आणि ड्रायव्हरच्या खिशावर पितळी बिल्ल्याच्या जागी पेढ्याएवढी एक काच आली होती.

त्या काचेची भानगड अशी.

माणूस काही करताना चुकला की त्याच्या मेंदूत एक बारीक वीज सळकते. त्याला स्वतःला चूक कळायच्या आधीच ती उठून गेलेली असते. डॉक्टरांना हे जुनंच ठाऊक. पण ती मोजायची तर डोक्याला चिकट मलम फासून तारांची टोपी घालून बसावं लागे. मग एका कंपनीनं कानात अडकवायचं कडं काढलं. बाळीएवढं. ते ही लहर बसल्याबसल्या टिपायचं. लहरीला नाव पडलं चूकलहर. नवशिक्याची चूकलहर उंच उठते. तो सुधारत गेला की ती बुटकी होत जाते. उंचाची बुटकी होणं, यालाच शिकणं म्हणायचं. मग परीक्षा कशाला आणि मास्तर तरी कशाला? कानात कडं घाला, कामाला लागा. जसजसं शिकाल तसतशी खिशावरची काच हिरव्या रंगानं भरत जाईल. भरली की तुम्हाला ते काम करायचा परवाना. तीन महिन्यांनी काच वाळते, मग पुन्हा शिकून भरायची. माणसानं आयुष्यभर शिकत राहावं, नाही का? म्हणून योजनेचं नाव 'सदाशिष्य'.

कल्पना वाईट नव्हती. पैसे चारून आणलेल्या सर्टिफिकिटांना लोक इतके विटले होते की त्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही. लहर बुटकी होत होत एक दिवस उठायचीच बंद झाली तर? ज्याला काम येतं, त्याच्या डोक्यात चूकलहर कुठून येणार? कड्याच्या लेखी मुरलेला माणूस आणि झोपलेला माणूस एकच.

सोमवारी सकाळी डेपोच्या शिक्षण समन्वयकांनी, म्हणजे डोईफोडे साहेबांनी, तातोबाला बोलावून घेतलं. डोईफोडे साहेब पस्तिशीचे, टापटीप, अंगावर नेहमी मोतिया रंगाचा सफारी. छातीवर सात हिरव्या काचा. त्यातली एक 'नम्र संभाषणा'ची होती, त्यामुळे ते कुणावर ओरडत नसत.

"चौगले, बसा. नव्वद दिवसांत तुमची एकही चूकलहर नाही."

"चुकलोच न्हाई साहेब."

"तेच तर म्हणतोय मी."

तातोबा खुर्चीच्या कडेवर बसला. "म्हंजे मी नापास?"

"नापास हा शब्द आम्ही वापरत नाही. तुमचं शिक्षण आढळलेलं नाही, इतकंच."

"पर कशात आढळलं न्हाई?"

साहेबांनी पडद्याकडं बघितलं. "चुकण्यात."

"मग त्या नव्या ड्रायव्हरचा, सुजितचा बिल्ला कसा काठोकाठ भरलेला असतोय?"

"सुजित विलक्षण मुलगा आहे," साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक उतू गेलं. "गेल्या महिन्यात त्यानं वळणं कोपरानं घेतली. या महिन्यात उलट्या आरशात बघून घेतोय. रोज नवीन काहीतरी. शिकायची भूक बघा त्याची!"

"आणि त्येच्या गाडीतली मानसं?"

"आमचं कडं ड्रायव्हरच्या कानात असतं, चौगले. प्रवाशांच्या पोटात नसतं." साहेब नम्रपणे हसले. "रविवारी दुपारी बारा वाजता तुमचा बिल्ला वाळेल. वाळला की गाडी सुरूच होणार नाही. मग तुम्हाला धुलाईला घ्यावं लागेल."

धुलाई खिडकीतूनच दिसत होती. घाटावरून आलेल्या चार गाड्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या खिडक्यांखालून ओघळ आले होते, पिवळे, तपकिरी, एक तर चक्क बीटाच्या रंगाचा. कधीकाळी आठवड्याला एखादी गाडी यायची तिथं आता दिवसाला वीस येत होत्या. वाऱ्याची झुळूक आली आणि तातोबानं नाकाला रुमाल लावला.

गाडीकडं येऊन त्यानं मंजुळाला सगळं सांगितलं. मंजुळा गुरव ही त्याची कंडक्टर. अकरा वर्षं एकाच गाडीवर. तोंडाची फटकळ, मनाची चोख.

"मग चुका की तात्या," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"चुकू?"

"समदी चुकत्यात. मी बगा." तिनं डाव्या हातानं तिकीट यंत्राचं बटण दाबलं. कोल्हापूरच्या जागी नागपूर आलं. खिशावरची काच किंचित हिरवी झाली. "महिनाभर डाव्या हातानं देणार. डावा हात शिकला की पायाच्या अंगठ्यानं. आवो, आख्खं गाव असंच चाललंय. आमच्या गल्लीतला न्हावी डोळं मिटून दाढी करतोय. लोकांचं कान बगा, समद्यांना चिकटपट्ट्या. दवाखान्यातली जुनी सिस्टर, जिला अंधारात शीर सापडायची, तिला काडून टाकली. आता नव्या पोरी डाव्या हातानं सुया टोचत्यात. माझ्या सासूला नऊ भोकं पाडली आणि वर अंगठा दावून म्हंत्यात, आजी, थँक्यू, लई शिकलो!"

"हे बरं न्हवं मंजुळा."

"बरं न्हाईच. पर बिल्ला हाय."

तातोबा रस्त्यावर थुंकला. त्याच्या स्वभावात थुंकणं नव्हतं, पण तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं झालं होतं.

घरी निराळंच ताट वाढून ठेवलेलं होतं. त्याची बायको इंदू. तिच्या हाताच्या झुणक्यासाठी गल्लीतली माणसं काहीबाही निमित्त काढून जेवायच्या वेळेला यायची. बचत गटाकडून ती पन्नास माणसांचं जेवण करून द्यायची, आणि त्यासाठी तिलाही 'गृहपाका'ची काच लागत होती. तातोबानं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि तसाच थांबला.

"इंदे, झुणक्यात काय हाय?"

"स्ट्रॉबेरी."

"आगं पर का?"

"आपला नेहमीचा केला तर काच हलतच न्हाई वो. पंचवीस वरसं करतीया, हात आपसूक चालतोय. आज स्ट्रॉबेरी घातली आणि कसं होतंय न्हाई होतंय म्हणून नुसती धडधड. बगा, पाव काच भरली." इंदूनं पदर सारून काच दाखवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण काच हिरवी होती. "गिळा मुकाट्यानं. उद्या शेवग्याची खीर हाय."

तातोबानं गिळलं. घास घशातून खाली जाताना कुणीतरी गुळगुळीत बेडूक सोडल्यासारखा गेला.

इतक्यात रेश्माचा फोन आला. रेश्मा त्यांची थोरली, खाली कणकवलीला दिलेली. सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच यायचं.

"आबा, रविवारी येते. तुमच्याच गाडीनं. मागच्या महिन्यात सुजितच्या गाडीत बसले होते तर चार दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, असा प्रवास पुन्हा करायचा नाही, पोटातल्याला सोसणार नाही."

"ये की पोरी," तातोबा म्हणाला. "आपलीच गाडी हाय."

फोन ठेवला आणि त्याला आठवलं, रविवारी. दुपारी बारा.

"ऐका माझं," इंदू म्हणाली. "आधल्या दिवसांतच काय ते चुकून घ्या. बिल्ला भरून ठेवा. म्हंजे रविवारी पोरीला फुलासारखी आणता येईल."

बोलणं शहाणपणाचं होतं. दोन दिवस तातोबानं मनापासून वाईट गाडी चालवायचा प्रयत्न केला. जमेना. मन म्हणायचं, ब्रेक कचकन दाब. पाय म्हणायचा, गप बस. वळणाआधी जिथं वेग सोडायचा तिथं हात आपसूक सुटायचा. बाबालालचा रस्सा अजून मांडीवर भाजत होता जणू. त्यानं एका डोळ्यावर फडकं बांधून बघितलं, गाडी तशीच लोण्यासारखी गेली. दोन्ही वेळेला मागं सगळी गाडी घोरत पडली आणि कानातलं कडं गोड आवाजात म्हणालं, "तातोबा, तुम्ही जागे आहात का?"

गुरुवारी मंजुळानं तिच्या नवऱ्याचा चष्मा आणला. जाड भिंगाचा, लांबचं काहीच न दिसणारा. शिवाय तातोबाचे बूट तिनं उलटसुलट घालायला लावले, डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

आणि त्या दिवशी गाडीत नेमकं वऱ्हाड होतं.

चाळीस माणसं, खाली लग्न लावून, जेवून निघालेली. श्रीखंड, मसालेभात, वर सोलकढी. नवरदेव पहिल्या बाकावर, फेटा बांधून, तुरा उडवत. शेजारी नवरी. पहिलं वळण आलं, आणि ते आलंय हे तातोबाला भिंगातून दिसलंच नाही. कठड्याच्या हातभर अलीकडं गाडीनं स्वतःच कच्चकन गचका दिला. कानात वीज सळकल्यासारखी झाली.

"अभिनंदन, तातोबा!" कडं बोललं. गाडीतल्या भोंग्यातूनही बोललं, कारण शिकणाऱ्याचं कौतुक चारचौघांत व्हावं असा नियम होता. "तुम्ही शिकत आहात!"

दुसऱ्या वळणाला मागच्या बाकावरचा मामा पहिला गेला. तिसऱ्याला मामाला बघून मामी गेली. हा रोग बघूनच पसरतो. चौथ्याला वरबापानं सोन्याची अंगठी घातलेला हात तोंडावर दाबला, तर ते बोटांच्या फटींतून आलं. सातव्याला वाजंत्रीवाल्यानं दुसरं काहीच न सापडल्यानं स्वतःच्या ढोलात तोंड घातलं. नवरी बिचारी गावाकडून शिकून आली होती की सासरच्या माणसांसमोर खिडकीतून वाकायचं नाही, म्हणून ती दहाव्या वळणापर्यंत दम धरून होती. अकराव्याला गाडी डावीकडं झुकली आणि तिनं सगळंच्या सगळं नवऱ्याच्या फेट्यात रितं केलं. केशरी फेटा, पिवळं श्रीखंड. तुऱ्यावरून टपटप थेंब गळायला लागले.

"अभिनंदन, तातोबा! तुम्ही शिकत आहात!"

"घाला त्या भोंग्यात बोळा!" वरबाप ओरडला, आणि ओरडायला तोंड उघडलं म्हणून पुन्हा ओकला.

अठरावं वळण संपलं. घाटमाथ्यावर घाटाईचं देऊळ आहे, तिथं प्रत्येक गाडी थांबून नारळ वाढवते. तातोबा चष्मा काढून खाली उतरला. मागं वळून बघितलं. गाडीला दोन्ही बाजूंनी ओघळ लागले होते. त्याची गाडी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. एक म्हातारी पायरीवर बसून नुसती थरथरत होती. ती वर बघून म्हणाली, "चौगल्यांचीच का रं ही गाडी? मी मुद्दाम थांबले हुते."

तातोबा देवळामागं गेला आणि वाकला. त्याला स्वतःला कधी घाट लागला नव्हता. त्या दिवशी लागला.

खिशावरची काच पाऊण भरली होती.

शुक्रवारी डेपोत त्याचा सत्कार झाला. 'आठवड्याचा शिकाऊ'. डोईफोडे साहेबांनी गुलाबांचा गुच्छ दिला, फोटो निघाला. साहेब म्हणाले, "वयाच्या चौपन्नाव्या वर्षी चौगल्यांनी चुकायला सुरुवात केली. तरुणांनी आदर्श घ्यावा!" सुजितनं शिट्टी मारली. तातोबा गुच्छ धरून उभा होता, आणि फुलांच्या वासातून त्याला आंबट श्रीखंडाचा वास येत होता. चांगली चालवली तेव्हा साधी टाचणीसुद्धा कुणी टोचली नव्हती छातीला. त्यानं गुच्छ धुलाईवाल्यांच्या बादलीत टाकला.

शनिवारी त्याची सुट्टी. राहता राहिला रविवार. पाव काच उरली होती.

रविवारी फेरी लवकरची असे; साडेनऊलाच कणकवलीहून गाडी निघाली. रेश्मा पहिल्या बाकावर, तातोबाच्या बरोबर मागं, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. गाडी गच्च भरलेली. घाटाच्या पायथ्याला मंजुळानं रिवाजाप्रमाणं सगळ्यांना लिंबं वाटली आणि तातोबाजवळ येऊन हळूच बोलली.

"तात्या, हिशेबानं सहाच वळणं लागतील. सहा वळणं घाण चालवा. बाकीची बारा तुमची. चष्मा आणलाय."

"पोरगी हाय मागं."

"म्हणून तर सांगते. आज बिल्ला गेला तर उद्या बाळाला घिऊन खाली जाताना तिला कोण न्हील? सुजित?"

तातोबानं हात पुढं केला. त्यानं चष्मा घेतला. आरशात रेश्मा दिसत होती. तिला सगळं ठाऊक होतं, इंदूनं फोनवर सांगितलेलं असणार. ती हसली.

"आबा, माझी काळजी करू नका. तुम्ही बिल्ला भरा. सहा वळणं काढीन मी कशीबशी." आणि तिनं पर्समधून एक पिशवी काढली. किराण्याची, निळी, नीट घडी घातलेली. उलगडली, मांडीवर ठेवली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरून बसली.

तातोबा त्या पिशवीकडं बघत राहिला. बापाच्या गाडीत बसायला पोरगी ओकायची पिशवी घेऊन आली होती.

त्यानं चष्मा खिडकीतून बाहेर फेकला.

"आवो माझ्या नवऱ्याचा हाय त्यो!" मंजुळा किंचाळली.

"नवीन घिऊन दीन. माझ्या डब्यातला ताकाचा पेला आण, आणि हितं बस."

भरलेला पेला त्यानं समोरच्या फळीवर ठेवला. काठोकाठ. आणि गाडी घाटात घातली.

त्या दिवशी तातोबानं जशी गाडी चालवली तशी पुन्हा कुणी चालवणार नाही. वळण यायच्या आधीच गाडी वळायला लागायची, इतकी हळू की माणसांना वाटावं रस्ताच सरळ होतोय. गचका नाही, हिसका नाही. पाचव्या वळणाला पोरं झोपली. नवव्याला म्हाताऱ्या. बाराव्याला रेश्माची मान कलली, पिशवी हातातून सुटून खाली पडली, आणि पोटावरचे हात तेवढे तसेच राहिले. पेल्यातलं ताक आरशासारखं उभं होतं.

"तातोबा, तुम्ही जागे आहात का?" कड्यानं विचारलं.

"जागा हाय," तातोबा म्हणाला. "तूच झोप."

घाटाईच्या देवळापाशी गाडी थांबली तेव्हा बारा वाजायला दोन मिनिटं होती. तातोबानं ताक उचलून एका दमात प्यायलं, बाबालालसारखी मिशी पुसली. मंजुळानं नारळ वाढवला. आणि बारा वाजले. खिशावरची काच आधी पिवळी झाली, मग करडी, मग शेणाच्या वाळक्या गोवरीसारखी. गाडीचे दिवे विझले. सपाट रस्ता समोर होता, पण गाडी हलेना.

अर्ध्या तासानं गाडी न्यायला सुजित आला, हिरवीगार काच मिरवत. "काका, टेन्शन घेऊ नका. आजपासून मी पायानं स्टिअरिंग शिकतोय," तो म्हणाला. तातोबानं रेश्माला हाताला धरून खाली उतरवलं. मंजुळापण उतरली. नंतर कळलं, अठरा वळणांत जे कुणाला झालं नव्हतं ते सुजितनं सरळसोट सपाट रस्त्यावर पहिल्या दोन मैलांत करून दाखवलं.

हे तिघं दुधाच्या टेंपोतून घरी आले. चाळीस कॅन दूध आणि एक थेंब सांडला नाही. टेंपोवाल्याच्या कानात कडं नव्हतं.

"तुला सदाशिष्य न्हाई?" तातोबानं विचारलं.

"छ्या! मानसांच्या गाड्यांना हाय ते," टेंपोवाला म्हणाला. "दूध नासतंय न्हवं."

सोमवारपासून तातोबा धुलाईला लागला.

पहिला आठवडा त्यानं तोंडाला उपरणं बांधून काढला. नळी कशी धरावी कळेना. जोरात पाणी मारलं तर वाळलेलं ओलं व्हायचं, ओल्याचं उडायचं, उडालेलं मिशीत बसायचं. बाकांच्या शिवणीत अडकलेले भाताचे दाणे नखानं काढताना त्याला दर दाण्याला उमासा यायचा. आणि दर उमाशाला कडं म्हणायचं, "अभिनंदन, तातोबा! तुम्ही शिकत आहात!" आठ दिवसांत त्याची 'वाहन स्वच्छते'ची काच काठोकाठ भरली. डोईफोडे साहेब पुन्हा गुच्छ घेऊन आले, पण जरा लांबूनच फेकून गेले. जाताना भिंतीवर स्वतःच्या सहीचा कागद डकवून गेले. 'ज्याचा बिल्ला वाळला आहे त्याने कोणत्याही साधनास हात लावू नये. कोणाचाही अपवाद नाही.'

पण तातोबाचा हात हा तातोबाचाच हात. महिन्याभरात तो धुवायला शिकला. आधी पाणी नाही, आधी चुलीतली राख पसरायची. ती सगळं शोषून घेते. मग खराट्यानं खरवडायचं, मग लिंबाच्या साली चोळायच्या, पाणी शेवटी. दहा मिनिटांत गाडी लख्ख. ती लिंबं मंजुळा गाडीतून गोळा करून आणायची. तातोबाला किळस वाटायची बंद झाली, आणि त्याच दिवसापासून काच पुन्हा भरायची बंद झाली.

तीन महिने भरले त्या मंगळवारी सकाळी ती गोवरीच्या रंगाची झाली. तातोबा राखेची पाटी शेजारी ठेवून पायरीवर बसून राहिला.

आणि त्याच मंगळवारी खाली कोकणात डोईफोडे साहेबांचा गौरव होता. राज्यातला सर्वाधिक शिकणारा डेपो. साहेबांना ढाल मिळाली, जेवण मिळालं, बांगड्याचं तिखलं, वर आमरस. आणि इतकी वर्षं स्वतःच्या मोटारीनं फिरणारे साहेब, फोटोसाठी म्हणून, सुजितच्या गाडीतून घाट चढून वर आले.

गाडी थेट धुलाईसमोर थांबली. दार उघडलं. पायरीवरून साहेब उतरले, म्हणजे घसरले. मोतिया सफारी आता मोतिया नव्हता. स्वतःचं थोडं, शेजाऱ्याचं बरंच, आणि मागच्या बाकावरून उडालेलं कुणाचंतरी, सगळं त्यांच्या अंगावर होतं. काखेत ढाल होती, तिच्यात आमरस साचला होता. सातच्या सात काचा त्याखाली बुडाल्या होत्या.

"चौगले!" साहेब हुंदका देत म्हणाले. "नळी! नळी मारा अंगावर! लवकर!"

तातोबा उठला नाही. त्यानं खिशावरची वाळकी काच दोन बोटांनी पुसली आणि साहेबांकडं वळवली.

"आता मला चांगलं धुता येतंय साहेब," तो म्हणाला. "म्हणून हात लावता येत न्हाई."

"अहो, काय चेष्टा... मी... उलटी..."

"तुमचाच कागद हाय भिंतीवर. कुनाचाच अपवाद न्हाई." मग तो उठला, नळीचं तोंड उपरण्यानं धरून साहेबांच्या हातात नेऊन दिलं, राखेची पाटी पायानं पुढं सरकवली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसला. "धुवा. सोपं असतंय."

मंजुळा तिकीट यंत्र पोटाशी धरून बघत होती. साहेबांनी नळी उलटी धरली. चावी सोडली. पाण्याचा झोत थेट त्यांच्या तोंडावर बसला, आणि तोंडावरचं होतं ते कानात गेलं, कड्याच्या आत. कडं खरखरलं, गुळण्या केल्यासारखं वाजलं, आणि मग भोंग्यातून आख्ख्या डेपोला ऐकू जाईल असा त्याचा गोड आवाज उमटला.

"अभिनंदन, डोईफोडे! तुम्ही शिकत आहात!"